स्वयंपाकघरातली पाहुणी

आधी इनेसचं नाव घेते, मग माझं सांगते. इनेस आमच्या खालच्या मजल्यावर राहते. पेरू देशाची — पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फळच आठवलं होतं. वयाने माझ्याएवढी, नवऱ्यामागे एकटी. इथे हॉलंडात, आल्मेरे शहरात मला कुणी काही शिकवलं असेल, तर तिने. आणि तिच्याशी मी जे वागले ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, गावाकडच्या बहिणीलाही नाही. आता सांगायला बसले आहे, पण नीट लिहिता येईल का? शाळा सातवीतच सुटली माझी. लिहिताना अजून हात भितो.

माझी सून लूसिया स्पेनची. मुलाचं आणि तिचं पटेना. नातीला घेऊन ती माहेरी गेली, ती गेलीच. मीरा तेव्हा पाच वर्षांची. माझ्या मांडीवर बसून मराठी बोलणारी पोर, पण वर्षभरात फोनवर नुसती बघत राहायला लागली. मी विचारायचे, "जेवलीस का गं?" ती आईकडे वळायची — आजी काय म्हणते? चेहरा समोर दिसतोय आणि पोर हाताला लागत नाही. ते कसं असतं, कसं सांगू?

इनेसने मला जिन्यात रडताना पाहिलं. दोघींचं डच मोडकं, दुसरी भाषा आमच्यात नाही. तरी तिला कळलं. पेरूतही स्पॅनिशच बोलतात; दुसऱ्या दिवसापासून ती मला नातीची ती भाषा शिकवायलाच लागली — तिच्या ओट्यापाशी उभं राहून. कुचारा म्हणजे चमचा. आपल्याकडे तो चमचा, त्यांच्याकडे ती. मी चुकले तरी ती हसायची नाही. आमचे मास्तर हसायचे, म्हणून मला त्याचं फार वाटायचं. आणि एका रविवारी मीरा म्हणाली, दात पडला — मला कळलं! कुठला, मी विचारलं. तिने तोंड उघडून दाखवला. फोन ठेवला आणि खाली जाऊन इनेसच्या गळ्यात पडले.

मग जयंती आली. इथली आपली माणसं त्या दिवशी एक सभागृह भाड्याने घेतात. वंदना होते, पोरांची भाषणं होतात, प्रत्येक जण घरून काहीतरी करून आणतो. इनेसला मीच बोलावलं होतं. निळा ड्रेस घालून, तांदळाची खीर घेऊन आली बिचारी. दारातच एका ताईंनी विचारलं, "जय भीम सुशीलाताई. या कोण?"

मला स्पॅनिश शिकवते, म्हटलं असतं तर? सून स्पेनची असताना शेजारीण कशाला, असं त्यांनी विचारलंच असतं. आणि मी तर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, सून आणि नात सुट्टीला गेल्यात. किती लांबलेली सुट्टी ती. मुलाचा संसार मोडला हे कुणाला कळू नये — त्या भीतीत तोंडातून निघालं, "आमच्याकडे कामाला येते."

एवढंच. त्या ताई वाईट नाहीत. जेवणं झाल्यावर त्यांनी फक्त खुणेने तिला आत बोलावलं, भांड्यांकडे बोट केलं. इनेसने बाह्या वर सारल्या. मी खुर्चीवर बसून तिची पाठ बघत होते. माझ्या आईने लोकांची भांडी घासली, तीही अंगणात बसून, घरात पाऊल न टाकता. हे मला तेव्हा आठवत नव्हतं का? आठवत होतं. तरी उठले नाही.

परत येताना बसमध्ये तिने विचारलंच — मी पाहुणी ना, मग मला भांडी का? आणि मी तिला उत्तर दिलं, स्पॅनिशमध्ये, सावकाश, शब्द जुळवत. म्हटलं, आमच्यात परक्यांना बाहेर बसवतात, आपल्या माणसालाच स्वयंपाकघरात नेतात.

इनेसचे डोळे भरून आले. म्हणाली, एवढं लांब वाक्य, आणि एकही चूक नाही.

तेव्हापासून ती दरवर्षी येते. खीर ठेवते आणि सरळ आत जाते. बायका आधीच विचारतात, "तुमची इनेस येणार ना हो? तिच्याशिवाय आवरत नाही." मी मान हलवते. सून-नात परत येणार नाहीत हे एव्हाना सगळ्यांना कळलंय, कुणी मला काही बोललंही नाही. म्हणजे लपवायलाही आता काही उरलं नाही. तरी गप्पच आहे.

मीरा मोठी झाली. तासतासभर बोलते माझ्याशी. तिची आई हसून म्हणते, तुम्ही अगदी पेरूच्या बायकांसारखं बोलता. म्हणजे पोरीला माझ्या तोंडून ऐकू येते ती इनेसच.

परवा इनेस म्हणाली, "यंदा जयंती कधी? चांगले जाड हातमोजे आणलेत मी." सांगायचं होतं. मी चहा गाळत राहिले.

एक दिवस मी तिला त्या सभागृहात पहिल्या रांगेत बसवीन. माईक हातात घेऊन आधी मराठीत सांगेन, मग तिला कळेल असं. ती उठून निघून गेली तर जाऊ देईन. भांडी मी घासेन.