मान्साचा डबा

मान्सा गेली त्याला चार महिने झाले, आणि चार महिने तिच्या सुनेच्या हातचं घरात कुणी खाल्लं नव्हतं. एसाबा रोज आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, केंके, उकडायची, माशाचा रस्सा करायची, झाकून ठेवायची. संध्याकाळी ते मांजरांना जायचं. सासूच्या रश्श्यात हिनंच काहीतरी घातलं, असं घरातल्या बायकांनी ठरवून टाकलं होतं. मान्साची धाकटी बहीण अराबा याला हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आपलं भांडं मात्र तीही शेजारणीकडून भरून आणायची.

दोघी बहिणींनी तीस वर्षं एकाच भट्टीवर माशांना धुरी दिली होती. आता अराबा एकटी भट्टीपुढे बसायची आणि गुडघे तिला उठू द्यायचे नाहीत. मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, भट्टी थंड असते. अशाच एका मंगळवारी तिनं मान्साचा बिस्किटांचा जुना डबा काढला. आत उरलेल्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या होत्या. गेलेल्या बहिणीची गुडघ्याची गोळी आपल्याला चालेल का आणि संपल्यावर स्वस्त कुठे मिळेल, ते विचारायला ती दुखवट्याच्या काळ्या कपड्यातच चौकातल्या औषधाच्या दुकानात गेली.

दुकानातल्या ऑक्रानबाईंनी पट्ट्या एकाखाली एक मांडल्या.

"या तिन्ही एकच बाई घेत होती, आंटी?"

पिवळी कमरेला, लाल गुडघ्याला आणि अंग ठणकलं की निळी, असं अराबानं सांगितलं. आणून अराबाच द्यायची. बसमध्ये गोळ्या विकणारा आधी प्रार्थना म्हणायचा, मग पिशवी उघडायचा. प्रत्येक पट्टीवर घासाघीस करून, तिन्ही मिळून एकीच्या भावात घेतल्या, याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता.

"वाचता येतं?"

"घमेल्यावरची खूण ओळखता येते." बंदरावर प्रत्येकीच्या घमेल्याला रंगानं खूण केलेली असते.

"मग खूणच बघा. मोठं नाव सोडा, त्याखालची बारीक अक्षरं बघा."

अराबा वाकली. पहिल्या पट्टीवरची अक्षरं तिनं बोटानं चाचपली. दुसरीवर तीच होती. तिसरीवरही तीच. तीन घमेली, मालकीण एकच.

"वरचं नाव कंपनीनं ठेवलेलं. औषध हे, डायक्लोफेनॅक," ऑक्रानबाई म्हणाल्या. "तिप्पट जात होतं पोटात. शेवटी शी काळी झाली होती का?"

"चार दिवस. डांबरासारखी." मग अराबानं विचारलं, "रश्श्यातून काही दिलं तर होतं असं?"

"मी त्यांना तपासलं नव्हतं, नक्की कसं सांगू? पण या गोळ्या जास्त झाल्या की पोटातल्या पोटात रक्त जातं. त्याला रस्सा लागत नाही."

भट्टीला डावीकडे तडा गेलाय, माती लावायला हवी, एवढंच अराबाच्या मनात आलं.

ऑक्रानबाईंनी तिचा रक्तदाब मोजला, पोटाचं, लघवीचं विचारलं, आणि एकाच औषधाची दोन खोकी पुढे ठेवली. एकावर धावणारा माणूस होता, दुसरं कोरं पांढरं, तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीचं. बारीक नाव तेच, ताकदीचा आकडा तोच, गोळ्या तेवढ्याच, मुदत संपायची तारीख पुढची, सरकारी नोंदणी दोन्हींवर. एवढं सगळं जुळलं तरच स्वस्त ते घ्यायचं, त्या म्हणाल्या, नाही तर तुलनाच नको. पाचच दिवस घ्यायच्या. सोबत दुखण्याची दुसरी एकही गोळी नाही. शी काळी दिसली की बंद करून सरळ दवाखाना गाठायचा.

"आणि आधी जेवायचं. रिकाम्या पोटी नाही."

अराबानं पांढरं खोकं घेतलं. जुन्या पट्ट्या ऑक्रानबाईंनी ठेवून घेतल्या. रिकामा डबा काखेत घेऊन ती घरी आली. अंगणात बायका एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. एसाबा झाकलेल्या भांड्याजवळ होती. अराबा तिच्यासमोर तिवईवर बसली.

"वाढ."

एसाबानं झाकण काढलं.

"जिवावर उदार झालीस की काय, आंटी?" मागून एकजण म्हणाली. दोघी हसल्या.

"मान्साला गोळ्यांनी नेलं," अराबा म्हणाली. "मी आणलेल्या."

एसाबानं ताटलीत वाढलं. अराबानं हात धुतला, केंकेचा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला. चव काही कळली नाही. तरी सगळ्या बघत असताना तिनं ताटली पुसून संपवली, पाणी मागितलं, आणि एसाबानं दिलेल्या पाण्याबरोबर एकच पांढरी गोळी घेतली.