लमायची जीभ

थायलंडातल्या फेचबुरीच्या नदीकाठच्या बाजारात लमायचं रश्शातल्या शेवयांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, वर पत्रा, खाली पाच टेबलं आणि पुढ्यात एक भलंमोठं पातेलं. पण गावात कुणालाही विचारा, सकाळचं कुठे खाल्लंत, दहातले सहा जण म्हणतील लमायकडे. एकतीस वर्षं हेच चाललंय. पहाटे चारला डुकराची हाडं, मुळा, लसूण, मिरी आणि कोथिंबिरीची मुळं पातेल्यात पडतात, सहाला पहिला वाडगा भरतो आणि एकच्या आत पातेलं पालथं होतं. उशिरा येणाऱ्याला शेवया मिळत नाहीत, बोलणी मिळतात.

लमाय त्रेसष्ट वर्षांची, अंगाने किरकोळ आणि तोंडाने महा फटकळ. दोन दुकानं सोडून सवेंग न्हावी. तो तिच्याहून जेमतेम चार महिन्यांनी धाकटा, तरी तिला ताई म्हणतो. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. रोज वाडगा संपवून एकच शब्द बोलतो, "छान." त्यापुढे त्याच्या तोंडून काही निघेल तर शपथ. भिडस्त माणूस. तसा अख्खा बाजारच भिडस्त. कुणाला तोंडावर वाईट बोलायचं म्हटलं की हे लोक हसून विषय बदलतात. त्या सगळ्यांच्या वाटचं एकटी लमाय बोलून घेते.

गेल्या सप्टेंबरात तिला ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला, पण जाताना तिचं नाक आणि जीभ घेऊन गेला. लसूण करपला तर धूर दिसायचा, वास नाही. पिकलेला आंबा तोंडात घातला तर नुसता ओला कापूस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल परत, धीर धरा. आठ महिने धीर धरून झाला. आणि या बाईने जन्मात कधी मापाने काही घातलेलं नाही! ताडाचा गूळ मुठीने, मिठागरावरचं मीठ चिमटीने, मासळीचा खार पळीने, आणि शेवटी एक घोट चाखून जे कमी असेल ते. तो शेवटचा घोटच गेला. राहिला नुसता हात.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. बाजाराला कळलं की कुंगला कळणार. कुंग तिची एकुलती लेक, बँकॉकला चौदाव्या मजल्यावर राहते. दोन वर्षं तिची एकच टकळी चालू होती, दुकान बंद कर नि माझ्याकडे ये. लमाय एकदा तिथे चार दिवस राहून आली. चार दिवसांत लिफ्टमध्ये, जिन्यात, दारात एकाही माणसाने तिला विचारलं नाही, जेवलात का. पाचव्या दिवशी ती पहिली गाडी पकडून परत आली. अशा जागी म्हातारपण काढायचं या नुसत्या विचाराने तिला धडकी भरायची.

तेव्हा तिने एक युक्ती काढली. प्रत्येक टेबलावर चार बरण्या असतात: साखर, मिरचीपूड, मिरच्या घातलेला शिरका आणि मासळीचा खार. वाडगा आला की ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे घालून घ्यायचं, त्यात कुणाला काही वाटत नाही. लमाय पातेल्यामागे उभी राहून लोकांचे हात बघायला लागली. खाराकडे फार हात गेले तर उद्या एक पळी जास्त, साखरेकडे गेले तर गूळ वाढवायचा. पहिले काही दिवस हात खाराकडे जरा जास्तच जात होते. मग हळूहळू थांबले. पुढे तर बरण्यांना कुणी शिवेनासं झालं. लमायला वाटलं, हात बरोबर बसला आपला. जीभ गेली तर गेली.

एप्रिलच्या शेवटी हेल्वी आली. ही फिनलंडची बाई, साठीची, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. औषधाच्या दुकानावरची खोली तिने दोन महिन्यांसाठी घेतली होती. दोन हिवाळे रात्रशाळेत जाऊन इथली भाषा शिकली होती आणि पाच वर्षांच्या पोरासारखी, पण स्पष्ट बोलायची. तिने पहिल्या दिवशी शेवया खायच्या काड्या दोन हातांत दोन धरल्या. लमायने मुकाट काड्या तिच्या उजव्या हातात कोंबल्या, डाव्यात चमचा दिला आणि पातेल्याकडे परतली. तेव्हापासून हेल्वी रोज सातला कोपऱ्यातल्या टेबलावर हजर. तिच्या टेबलावरच्या बरण्यांची झाकणं कधी निघाली नाहीत. आलेला वाडगा जसाच्या तसा खायची आणि शेवटचा घोट पिऊन खाली ठेवायची. लमायची छाती फुगली. परक्या देशाच्या बाईला वरून दाणाभर काही लागत नाही, आणखी काय पाहिजे?

त्याच भरात ती फसली. तिने लेकीला मिरचीच्या वाटणाची बरणी पाठवली होती. दुसऱ्या दिवशी कुंगचा फोन. चाखून बघितलंस का, एवढंच तिने विचारलं. लमाय उसळली, तुझीच जीभ शहरात जाऊन बिघडली म्हणाली. कुंग आईचीच लेक. म्हणाली, शनिवारी येते, एक वाडगा खाते. चव नेहमीची असली तर पुन्हा विषय काढणार नाही. नसली तर मात्र वाद नको, सामान बांधायचं. लमाय ताडकन म्हणाली, ये.

शुक्रवारी दुकान आवरल्यावर बाजारातल्या बायका जेवायला बसल्या, तसं लमायने हेल्वीला बोलावून घेतलं. मधोमध भात, भोवती ताडगोळ्यांचं कालवण, तळलेला बांगडा, अंड्याची पोळी, कच्च्या आंब्याची कोशिंबीर. हेल्वीने अर्धं कालवण आपल्या ताटलीत ओढून घेतलं आणि काट्याने खायला लागली. बायका एकमेकींकडे बघून गोड हसल्या. सांगतंय कोण? लमायने तिच्या हातातला काटा डावीकडे केला, उजव्यात चमचा दिला.

"काट्याने नुसतं लोटायचं, तोंडात चमचा घालायचा. आणि एका वेळी एक चमचाच घ्यायचं. कालवण कुठे पळून चाललंय?"

हेल्वी लाल झाली, मग खुलली. म्हणाली, तीन आठवडे सगळे माझ्याकडे बघून हसतात, काय चुकलं ते तुम्ही एकट्या सांगता. लमायला बरं वाटलं. बायका उठून गेल्यावर भांडी विसळताना ती ऐटीत म्हणाली, चुका होतात तुझ्या, पण जीभ चांगली आहे. माझ्या रश्शात वरून काही घालावं लागत नाही, हे तुला बरोबर कळतं.

हेल्वीने हातातलं भांडं खाली ठेवलं. एकेक शब्द जुळवत बोलली.

"तुम्ही मला सांगता, म्हणून मीही सांगते. आमच्याकडे वरून मीठ घेतलं तर करणारीचा अपमान होतो. म्हणून मी बरण्यांना हात लावला नाही. रस्सा गोड असतो. खूप गोड. मला वाटलं, इथला रस्सा असाच असतो."

लमायने विसळलेला वाडगा पुन्हा पाण्यात बुडवला. मग इतर कसे काय खातात, असं तिने विचारलं, तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ते खाराची बाटली आणतात की," हेल्वी म्हणाली. "टेबलाखालून घालतात. न्हावीदादांची खिशात असते, कोळणीची कमरेला. मला वाटलं, तीही इथली रीत असेल."

लमायने उरलेली भांडी पालथी घातली. पत्र्याखाली तशीच बसून राहिली. आधी लाज वाटली, अशी की जमीन फाटावी. मग संताप आला. आठ महिने! आठ महिने हे लोक रोज सकाळी येऊन तिच्या हातचं गुळवणी खात होते, वर खिशातून खार आणत होते, आणि 'छान' म्हणून जात होते. समोर शेवयांचं दुसरं दुकान आहे, बरं चालतं. तिकडे एकही जण गेला नाही. हे लक्षात आलं आणि तिचा संताप कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. पदराने... छे, पदर कुठला, कमरेच्या फडक्याने डोळे पुसून ती उठली. उद्या शनिवार होता.

शनिवारी सहाला पहिलं गिऱ्हाईक येऊन बघतं तो दारात रिकामं घमेलं आणि शेजारी लमाय, हातात पळी. म्हणाली, बाटल्या काढा.

लोकांनी आधी वेड पांघरलं. कसली बाटली, कुठली बाटली! पण लमायच्या नजरेपुढे कोण टिकणार? कोळणीने कमरेची काढली. शाळेच्या बाईंनी पर्समधून काढली, वर लिंबूही निघालं. औषधवाल्याने खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली, आत खारच. सवेंगने पांढऱ्या डगल्याच्या खिशातून डोळ्यांत घालायच्या थेंबांची इवलीशी बाटली काढली आणि मान खाली घालून घमेल्यात ठेवली. अकरा बाटल्या जमल्या. कोपऱ्यात हेल्वी बिचारी आपल्यामुळे काय अनर्थ झाला म्हणून काड्या घट्ट धरून बसली होती.

"माझी जीभ गेली आहे," लमायने सांगितलं. "सप्टेंबरपासून. तुम्हाला माहीत होतं, ते मला माहीत नव्हतं. आता चाखा आणि काय कमी आहे ते बोला."

पळी फिरली. कोळण म्हणाली छान. औषधवाला म्हणाला छान. शाळेच्या बाई म्हणाल्या फारच छान. लमायने पळी पातेल्यावर आपटली आणि बजावलं, आता जो छान म्हणेल त्याला या जन्मात वाडगा मिळणार नाही. लोक एकमेकांना पुढे ढकलायला लागले. मग सवेंग पुढे आला. एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि त्याचे ओठ नुसतेच हलले.

"बोल," लमाय म्हणाली, या वेळी हळू.

"ताई, खार कमी आहे." एवढं बोलून तो रडायलाच लागला. "तू तापातून उठलीस, तेव्हा मी बरणीकडे हात नेला आणि तुझा चेहरा असा पडला... म्हणून मग खिशात आणायला लागलो. बाकीच्यांनी माझं बघितलं."

तिने एक पळी खार घातला. त्याने चाखलं, मान हलवली. आणखी अर्धी. आता बाकीच्यांनाही कंठ फुटला. कोळण म्हणाली मिरी हवी, औषधवाला म्हणाला मिरी पुरे, शाळेच्या बाई दोघांना गप्प करायला लागल्या. लमाय त्या गलक्यात घालत होती, ढवळत होती, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा घोट दुसऱ्याच्या घशाखाली उतरताना बिनघोर बघत होती. म्हणून दाराशी कुंग कधीपासून उभी होती ते तिला दिसलंच नाही. पाठीवर रिकामी मोठी पिशवी, आईचं सामान भरायला आणलेली.

दिसली तेव्हा लमायचा हात पळीसकट थांबला. कुंगने घमेल्यातल्या बाटल्या बघितल्या, सवेंगचे लाल डोळे बघितले. ती सरळ पातेल्यापाशी आली, आईच्या हातातून पळी घेतली, फुंकर घातली, चाखलं. पुन्हा एकदा चाखलं.

"आई, गूळ जास्त झालाय."

लमायने मान खाली घातली. शब्द दिला होता, वाद घालायचा नव्हता. दुकानामागच्या तिच्या खोलीतलं काय काय न्यायचं आहे ते तिच्या डोळ्यांपुढून जायला लागलं.

कुंगने पळी पातेल्याच्या काठावर ठेवली, पिशवीची घडी करून खुर्चीवर टाकली आणि त्या घडीवरच बसली.

"उद्या एक मूठ कमी घाल," ती म्हणाली. "आणि मला आत्ता एक वाडगा दे, पहाटेपासून उपाशी आहे."

लमायने शेवयांची चाळण उचलली. आवाज पुन्हा तिचा नेहमीचा झाला होता.

"तुझी मूठ की माझी?" तिने विचारलं.