आईची लेहची बस

आईने मोबाइलवर मनाली-लेह रस्त्याचा व्हिडिओ पाहिला आणि हट्टच धरला. तिचं सगळं आयुष्य चाकणजवळच्या निघोजेत गेलं. चाकणच्या ट्रॅफिकला ती विटली होती. "मोकळ्या रस्त्यावर बस कशी पळती ते एकदा बघू दे," म्हणाली. वडील गेल्यापासून तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी कंपनीत सुट्टी टाकली.

मला काळजी तिचीच. उंचीवर त्रास होईल म्हणून गोळ्या घेतल्या, ऑक्सिजनचा छोटा डबाही घेतला.

केलाँगला मुक्काम करून पहाटे लेहची बस धरली. आईशेजारी एक लडाखी आजी बसली, लेकीकडे निघालेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण अडलं कुणाचं? आई जावांची गाऱ्हाणी सांगे, आजी मान हलवत आपल्या भाषेत उत्तर देई. बाहेर झाड नाही, घर नाही, नुसते तांबडे-जांभळे डोंगर. आई मधूनच म्हणे, "आगं बया, केवढी जमीन! आन् अजून कुणी प्लॉटिंग न्हाई केलं."

सरचू ओलांडलं आणि माझंच डोकं ठणकायला लागलं. पुढे पांग नावाच्या थांब्यावर बस थांबली, तसा उतरून भडाभडा ओकलो. मग दोघींनी मला ताब्यात घेतलं. आजीने तंबूतल्या हॉटेलातून लसणाचं गरम सूप आणलं. आईने ऑक्सिजनचा डबा आधी उलटाच धरला.

"मला सांभाळाया आला व्हता न्हवं?" ती हसली आणि डबा सरळ करून माझ्या नाकाला लावला.

ड्रायव्हर म्हणाला, पुढची खिंड ओलांडली की उतार लागेल, तोवर याला झोपू देऊ नका. दोघींनी ते फारच मनावर घेतलं आणि मला मधे बसवलं. डोळा मिटला की एकीकडून आई चिमटा काढी, दुसरीकडून आजी. मधूनच आजी काहीतरी गाई आणि आई त्यावर टाळ्या वाजवी. खिंड उतरलो तसं डोकं हळूहळू हलकं झालं.

दुसऱ्या दिवशी लेहमध्ये आजीच्या लेकीने आम्हाला चहाला बोलावलं. तिथून निघताना आईला सांगितलं, आता घरी सरळ विमानाने जायचं, तिकिटं काढलीत.

"इमानानं तू जा. मी बसनं जाणार."

"आणि परत त्रास झाला तर?"

"आमी दोघी हाय की. त्या बी परवाच्या बसनं माघारी निघाल्यात."

"तुला कसं कळलं?"

"त्यांनीच सांगितलं," आई म्हणाली, जणू दोघी एकाच आळीत वाढल्या होत्या.

मी तिकिटं रद्द केली आणि सुट्टी वाढवून घ्यायला कंपनीत फोन लावला.