मंदावहिनींचं रोमन नाणं

दसरा होऊन आठवडा झाला होता. सौंसरहून सुधाकरचा फोन आला. "मंदाचं नाणं म्युझियमले देऊन राहिलो. तिच्या नावाची चिठ्ठी लागली पाहिजे खाली. तू येऊन पाहून जा."

सुधाकर माझा होस्टेलमधला मित्र, आता निवृत्त शिक्षक. त्याची बायको, मंदावहिनी, चैत्रात गेल्या. जुनी नाणी पारखण्याचा मला छंद आहे. भिंग पिशवीत टाकलं आणि निघालो.

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारी सकाळची बस धरावी. शनिवारी-मंगळवारी जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून मी बुधवार निवडला. सौंसर जवळ आलं की दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, मध्येच फुटलेला कापूस. स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. चाळीस रुपयांत पोट भरतं, डोळ्यांना पाणी येतं ते वेगळं.

सुधाकरने देवघरातून कुंकवाची डबी आणली. "आईजवळ दोन होती. एक बहिणीले देलं, एक सुनेले. मंदानं जिवापाड जपलं. दर धनतेरसला चिंच आन् राख लावून घासे."

डबीतलं चांदीचं रोमन नाणं आरशासारखं चकचकीत होतं. कड नीट होती, बनावट नाण्याला असतो तसा ओतकामाचा जोड कुठे दिसला नाही, म्हणजे अस्सल. पण राजाचा चेहरा नव्हता. कानाजवळ एक उंचवटा, हनुवटीची पुसट रेघ. अक्षरं साफ गेलेली. मी भिंग उगाच बराच वेळ धरून ठेवलं.

"बोलत काहून नाही?"

"दुसरंही पाहू," मी म्हणालो.

डबी घेऊन आम्ही दोघं दुपारच्या बसने पांढुर्ण्याला गेलो. तासाभराचा रस्ता, खड्डे बरेच. सुधाकरची बहीण शांताताई बाजारामागे राहते. तिने शिवणाच्या डब्यात हात घातला आणि बटणांतून नाणं काढलं, काळंकुट्ट. "घ्या बाप्पा. मले कुठं येळ होता घासाले? वहिनी दरसाली टोमणा मारे, लक्ष्मीले काळी ठेवता म्हणून."

त्या काळ्या थराखाली सगळं शाबूत होतं: राजाचं नाक, डोक्यावरची पानं, कडेची अक्षरं. मी दोन्ही नाणी शेजारी ठेवली. आता सांगावंच लागलं. हा काळा थर नाण्याला राखतो. चिंच आणि राख तो काढतात, मग चांदीच झिजते. शांताताईचं नाणं म्युझियम आनंदाने घेईल. मंदावहिनींचं नाणं अस्सल आहे, पण त्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नाही.

सुधाकरने मंदावहिनींचं नाणं तळहातावर घेतलं. "म्हणजे मंदाच्या हातानंच गेलं."

शांताताईने आपलं नाणं पुढे सरकवलं. "हे दे न, भाऊ. नाव वहिनीचंच लिही. कोण विचारून राहिलं?"

"नाही, शांते. ह्याले तिचा हात लागला नाही."

 मग शांताताई उठली. "चहा ठेवतो," म्हणाली आणि आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आतून भांड्याचा आवाजही येत नव्हता.

रात्री उशीर नको म्हणून मी संध्याकाळच्या गाडीने नागपूरला परतलो. सुधाकर स्टेशनवर सोडायला आला. संत्र्यांची पिशवी हातात दिली, नाण्याचा विषय काढला नाही.

तिकडे जाणार असाल तर याच दिवसांत जा. बागा पाहण्यासारख्या असतात. घरात जुनं नाणं असेल तर मऊ कपड्यात गुंडाळून ठेवा, घासू नका. हे मी नेहमीच सांगत आलो आहे. खरं होतं, आणि तरी त्या घरात ते सांगितल्याचं मला अजून बोचतं.

धनत्रयोदशीला सकाळी सुधाकरचा फोन आला. मागे नळ वाहत होता.

"चिंच भिजवून ठेवली," तो म्हणाला. "आता त्याच्यावर काही उरलंच नाही. धुतलं तर चालते न?"

"चालते," मी म्हणालो.

"किती घासू? ती किती घासे, मी कधी पाहिलंच नाही."