बघितलं तेवढंच काढायचं

एस्तेरबाई शिकवायला आल्या की मुलं पेन्सिली खाली ठेवून, हात पाठीमागे बांधून उभी राहत. नव्या माणसाला वाटे, सगळ्यांना एकदमच शिक्षा झाली. एकदा दूधवाल्याने दारातूनच विचारलं, पोरांनी केलं तरी काय? बाई म्हणाल्या, "अजून काय केलं न्हाई. बघत्यात." समोर पाटावर एक वांगं ठेवलेलं होतं. देठाचे काटे कुठल्या बाजूला वळलेत, जांभळ्या सालीवर उजेड नेमका कुठे पडलाय, पोटाला खरचटलंय कुठे, हे सगळं बघून झाल्याशिवाय हात पुढे आणायची परवानगी नसे. "देवानं आधी डोळं दिलं. पेन्सिल लई मागनं आली," असं त्या म्हणत.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या मिरजेला भाचीकडे वारल्या आणि मला ते उशिरा कळलं. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा उपदेशकांच्या घरी भाकऱ्या करायला जात होते. उपदेशक म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीत गावोगाव फिरून वचन सांगणारे. त्यांची सारखी बदली होई. चंदगडकडच्या पावसात तर मुलांची शाळा वर्षातले कितीतरी महिने बुडायची. म्हणून त्यांच्या पत्नी दयाबाई मुलांना घरीच शिकवत. कोल्हापुरात आल्यावरही त्यांनी तोच रिवाज ठेवला. सकाळी प्रार्थना, मग वाचन, मग गणित. चित्रकला मात्र दयाबाईंना येत नव्हती. त्यांनी मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एस्तेरबाईंना गळ घातली, आणि बाई आठवड्यातल्या दोन दुपारी येऊ लागल्या. उंच, हडकुळ्या, निळ्या काठाचं पांढरं पातळ, आणि पायात बापईमाणसांच्या असतात तशा करकर वाजणाऱ्या चपला. त्या गल्लीच्या तोंडाशी असतानाच मुलांना कळायचं.

माझी लेक शालूही त्या मुलांबरोबर सतरंजीवर बसायची. ती डावखुरी. शाळेत डाव्या हाताने लिहिलं म्हणून मार बसला, हात दोरीने बांधला, तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की तिला ताप भरायचा. दयाबाई म्हणाल्या, आमच्या तिघांत चौथी बसू दे. पहिल्या दिवशी एस्तेरबाईंसमोर तिने पेन्सिल उजव्या हातात धरली आणि रेघ थरथरत गेली. बाईंनी विचारलं, डावी हायस काय? शालूने डावा हात पाठीमागे लपवला. मग बाईंनी खाली बसून तिला शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, एका डावखुऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. देवाने आपल्या लोकांना सोडवायला तोच निवडला होता, आणि त्याच्या डाव्या हाताकडे शत्रूचं लक्षच गेलं नाही. गोष्ट संपेपर्यंत पेन्सिल या हातातून त्या हातात गेली होती.

शालूला चित्र शिकायचं होतं ते एकाच कारणासाठी. तिचे आप्पा, म्हणजे माझे मालक, विषमज्वराने गेले तेव्हा ती लहान होती. आमच्या घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. लग्न माझ्या माहेरी, गडहिंग्लजजवळच्या खेड्यात झालं. तिथे फोटोवाला कुठला यायला. शालू आप्पांचा चेहरा थोडा थोडा विसरत चालली होती आणि ते तिला स्वतःला कळत होतं. अंथरुणात ती मला विचारायची, आप्पांचं नाक कसं होतं? मी म्हणायची, चांगलं होतं. डोळे? चांगले होते. ती कूस बदलून झोपायची. पुसून जायच्या आत तिला तो चेहरा कागदावर आणायचा होता.

आणि एस्तेरबाईंचा तर एकच कायदा. न बघता काढलेलं चित्र म्हणजे खोटी साक्ष. दहा आज्ञांपैकी ही आज्ञा फक्त कोर्टकचेरीसाठी नाही, चित्र काढणाऱ्यासाठीही आहे, असं त्या निक्षून सांगत. उपदेशकांचा थोरला आमोस. त्याने एकदा सगळी मुलं काढतात तसं दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी असं चित्र काढलं. बाईंनी विचारलं, हे कुठलं गाव? आमोस म्हणाला, चंदगड. "टोपीसारखं डोंगर हायत व्हय तुमच्यात? आणि चार-चार महिने सूर्य दिसत न्हाई म्हणून रडत होतास की रं तू." मग त्या म्हणाल्या, कोल्हापुरात सूर्य कुठून उगवतो ते उद्या बघून या. मुलं बघून आली. तो बेकरीच्या धुराड्यामागून उगवत होता. तसाच काढला सगळ्यांनी, धुरासकट.

नाताळात तर वादच झाला. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लावायला मुलांनी येशूबाळाच्या गव्हाणीचं चित्र काढावं, असं मंडळीच्या पंचांनी सांगितलं. बाई मुलांना घेऊन गवळ्यांच्या म्हशी बांधतात त्या कट्ट्यावर गेल्या. तिथे गवळ्याने गव्हाणीत वैरण टाकली. मुलं हात पाठीमागे बांधून तो वास घेत उभी राहिली, आणि आली ती गव्हाण काढून. शेजारी एक म्हैस. गव्हाणीत नुसती वैरण, मधे एक खळगा. पंच म्हणाले, बेथलेहेमात म्हैस? बाई म्हणाल्या, पोरांनी म्हैसच बघितली. आणि बाळ कुठाय? "बाळ कुणी बघितलंय ह्यांच्यातल्यानं? जागा ठेवलीया. ज्याचा विश्वास हाय त्याला दिसंल." शेवटी ते चित्र लागलं. खळग्याकडे लोक जरा जास्त वेळ बघत होते, एवढं मला आठवतं.

त्याच नाताळानंतर शालूने धीर केला. तिने बाईंना विचारलं, आप्पांना काढू? बाई म्हणाल्या, समोर न्हाईत ते. शालू म्हणाली, मी बघितलंय त्यांना. बाई म्हणाल्या, मग सांग, भुवया जुळलेल्या होत्या का सुट्या? शालू रडायला लागली. मी स्वयंपाकघरात पिठात हात घालून ऐकत होते, आणि मला बाईंचा राग आला. एवढ्याशा पोरीला उलटतपासणी कशाला?

आमोसलाही वाईट वाटलं असावं. दोन दिवसांनी त्याने शालूला एक चित्र गुपचूप आणून दिलं. भरघोस मिशा, रुंद कपाळ, पाणीदार डोळे, कॅलेंडरवरच्या सरदारासारखा पुरुष. तिने ते उशाखाली ठेवलं. पुढच्या आठवड्यात ती मला सांगू लागली, आप्पांचं नाक असं सरळ होतं, आणि ते हसायचे तेव्हा मिशा हलायच्या. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवायला लागलं होतं. तसं नव्हतं म्हणावं, तर खरं काय ते मला सांगता येत नव्हतं.

एस्तेरबाईंनी ते चित्र पाहिलं. त्यांनी फाडलं नाही, आमोसला रागावल्याही नाहीत. शालूला जवळ बसवून विचारलं, हा कोण? ती म्हणाली, आप्पा. मग बाई माझ्याकडे आल्या आणि दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "तारा, खोटं तोंड डोळ्यांत बसलं की खरं परत यायला वाट ऱ्हात न्हाई. मी नुसतीच न्हाई म्हणून बसले, हे चुकलं माझं. साक्षीदार गोळा करायला पाहिजेत." दोघांतिघांच्या साक्षीने गोष्ट खरी ठरते, असं शास्त्र सांगतं. त्याच्यावर त्यांचा भरवसा.

माझे मालक बेकरीचा पाव सायकलवरून घरोघर पोचवायचे. म्हणून बाई शालूला घेऊन आधी बेकरीत गेल्या. बेकरीवाले इब्राहिमचाचा भट्टीपुढून उठून आले, गहिवरले, मुलीच्या हातात खारीचा पुडा दिला आणि म्हणाले, मोठ्या झुबकेदार मिशा होत्या त्याला. शालूला आनंद झाला. तिथून त्या आमच्या घरी आल्या. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. आत्ती ऐकताच खवळल्या. "मिशा? माझ्या लेकराला मिसरूड धड नव्हतं. गोरं गोरंपान, गालाला खळी." ती खळी मला काही आठवेना. आत्ती सांगत होत्या तो कडेवरचा मुलगा होता. चाचांच्या डोळ्यांसमोर कोण होतं कुणास ठाऊक, त्या बेकरीतून किती पोरं येऊन गेली. शालू एकदा बाईंकडे, एकदा आत्तींकडे बघत राहिली. तिचं तोंड अगदी एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. मी कधी त्या सतरंजीवर बसले नव्हते. चार माणसांत बोलायचं तर माझी जीभ आजही टाळ्याला चिकटते. बाई म्हणाल्या, तिसरी साक्ष तुझी. मी पदर हातात धरून बसले. मुलं बघत होती. शेवटी जे खरं होतं ते सांगितलं. "मी त्यांच्या तोंडाकडं कधी नीट बघितलंच न्हाई, बाई."

आमोसची धाकटी बहीण हसली. दयाबाईंनी तिला दटावलं. पण आमच्या घरातली रीतच तशी होती. एका खोलीचं घर, सासू-सासरे समोर. वाढताना ताटाकडे बघायचं, बोलताना जमिनीकडे. नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघणारी बाई निर्लज्ज. आणि पुढे वर्षं पडलीत की बघायला, असं वाटलेलं.

मला वाटलं, बाई आता उठतील. त्यांनी विचारलं, "मग काय बघितलंस?"

मी म्हणाले, पाठ. पहाटे निघायचे तेव्हा मी उंबऱ्यात उभी असायची. तेव्हा आत्ती झोपलेल्या असत, आणि मालकांची पाठ वळलेली असे. तेवढं मी रोज बघून घेतलं.

"सांग."

आणि मी सांगायला लागले. उजवा खांदा खाली होता, मैद्याची पोती उचलून. डोक्याच्या मागे केसांचा भोवरा, तेल लावलं तरी न बसणारा. कॉलरच्या आत घडी केलेला रुमाल. पायजम्याचा उजवा पाय सुतळीने बांधलेला, चेनमध्ये अडकू नये म्हणून. मागे पावाची पत्र्याची पेटी, जुन्या ट्यूबने आवळलेली. डावा पाय पायडलवर ठेवून तीन-चार उड्या मारत जायचे आणि मग टांग टाकायचे. कोपऱ्यावर वळून बघायचे नाहीत. नुसती एकदा घंटी वाजवायचे. ती माझ्यासाठी असायची. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शालूचा डावा हात चालू होता. बाईंनी पेन्सिलीला बोट लावलं नाही. प्रत्येक रेघेला त्या मला विचारायच्या, हे बघितलंस? मी म्हणायची, व्हय. खांदा आणखी खाली? व्हय, जरा खाली. एकदा मी म्हणाले, कोपर एवढं बाहेर नव्हतं. शालूने खोडायला रबर मागितलं, तर बाई म्हणाल्या, राहू दे, शेजारी दुसरी रेघ ओढ. म्हणून त्या चित्रात एका हाताला दोन कोपरं आहेत. मधेच शालू थांबली आणि म्हणाली, "आई, रुमाल निळा हुता." मी सांगितलं नव्हतं. निळाच होता. एस्तेरबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

संध्याकाळी बाई आमच्याबरोबर घरी आल्या. आत्तींना आता फारसं दिसत नव्हतं. त्यांनी कागद दारातल्या उजेडात नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मिशा-खळीचं काही बोलल्या नाहीत. खाली झुकलेल्या खांद्यावर बोट ठेवलं आणि सायकलवरच्या माणसाला म्हणाल्या, "पाठ करून कुठं निघालास रं, बाळू?"

आत्तींनी एस्तेरबाईंकडे बघितलं. "बाई, तुमी एवढं शिकलेल्या. ह्याला जरा इकडं वळवा की."

एस्तेरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "वळवणारा वर हाय, आजी. तो वळवील त्या दिवशी तुमीच सगळ्यात आधी बघशीला. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

आत्ती उठल्या, भाताची चार शितं घेतली आणि चित्र दारासमोरच्या आतल्या भिंतीला चिकटवलं. मी म्हणाले, दाराजवळ लावू, निघाल्यासारखं दिसेल. त्यांनी मला हाताने गप्प केलं. चाचपडत उंबरा ओलांडून बाहेर गेल्या, अंगणात वळल्या आणि तिथून आत बघितलं.

"न्हाई गं," आत्ती म्हणाल्या. "हितनं बघ. घरात चाललाय त्यो."

शालू पळत बाहेर गेली. मग मी गेले. सगळ्यात शेवटी एस्तेरबाई आल्या, आमच्या मागे उभ्या राहिल्या आणि अंधार पडेपर्यंत बघत राहिल्या. त्या दिवशी त्या आमच्याकडे भात-आमटी जेवून गेल्या.