कबड्डीच्या कॅसेटवरचं नाव

इतकी वर्षं मी ओरडून सांगत होते, की आमच्या ह्यांची कबड्डीची कॅसेट माझ्या धाकट्या जावेनं, शोभानं पुसली. घरात एकानंही विश्वास ठेवला नाही. सासूबाई म्हणायच्या, ती बाळंतीण, पाळण्यापाशी बसलेली, ती कुठली कॅमेरावाल्याला कॅसेट देतेय? हे तर मान खाली घालून "जाऊ दे ना" एवढंच म्हणायचे.

पण मी जाऊ देणारी आहे का?

आणि पुरावा होता ना माझ्याकडे. एकदा कबड्डी बघायला म्हणून कॅसेट लावली, तर पडद्यावर शोभाच्या पोराचं बारसं. बारसं कुणाकडचं? शोभाकडचं. मग पुसली कुणी? कॅसेट उलटी फिरवून पहिल्यापासून बघायची मला गरजच वाटली नाही. बाहेर काढली, कागद चिकटवला आणि चौथी पास अक्षरात ठळक लिहिलं, 'कबड्डी फायनल. शोभाने पुसली.' दर दिवाळीच्या साफसफाईत ती तिला दिसेल अशी ठेवायची.

मागच्या वर्षी हे गेले.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा खराडीला नोकरी करणारा माझा मुलगा म्हणाला, "आई, बाबांचा हलताबोलता एक तुकडा नाही आपल्याकडे. बारशानंतर थोडी मॅच उरली असेल, तेवढी तरी काढून आण."

निघाले. शोभालाही ओढत नेलं. तिचा गुन्हा चारचौघांत सिद्ध व्हायला नको?

सदाशिव पेठेत एक गृहस्थ जुन्या कॅसेटा पेनड्राइव्हवर करून देतात. त्यांनी माझं लेबल वाचलं, मग आम्हा दोघींकडे पाहिलं.

"ह्यातल्या शोभा कोण?"

"मी," शोभा म्हणाली. नेहमीसारखी, हळू.

ते म्हणाले, लग्नं, मुंजी पोत्यानं येतात, खेळाची कॅसेट क्वचित. मी विचारलं, का हो? "काकू, निकाल कळलेली मॅच भाड्यानं कोण नेणार? व्हिडिओ लायब्ररीवाले ठेवायचेच नाहीत. कसोटी म्हणाल तर पाच दिवसांची, कॅसेट तीन तासांची. आणि घरी कुणी भरलीच, तर पहिल्या बारशाला खेळाचा बळी."

"ऐकलंस?" मी शोभाला म्हटलं.

त्यांनी कॅसेट उभी धरली. पुसली जाऊ नये म्हणून कुणीतरी तिच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडली होती. आमच्या ह्यांनीच, दुसरं कोण. पण त्या भोकावर काहीतरी चिकटवलं होतं, म्हणून वर बारसं भरलं गेलं.

"टिकल्या आहेत. मोठ्या, लाल. एकावर एक दोन."

"बघा. बाईचंच काम!"

ते माझ्या कपाळाकडे बघत राहिले. शोभा जन्मभर मोहरीएवढी काळी टिकली लावते. मी रुपयाएवढी लाल, हे गेल्यावरही.

तरी मी हटले नाही. म्हटलं, माझ्या पाकिटातल्या घेतल्या असतील हिनं.

त्यांनी कॅसेट उलटी फिरवून पहिल्यापासून लावली. आधी नुसती फरशी दिसली. कॅमेरावाल्यानं यंत्र खाली धरलेलं असणार. मग त्याचा आवाज, "झाली एकदाची सुरू." आणि माझा आवाज, चांगला खणखणीत, "टिकल्या लावल्या की होतं सगळं. आता पाळण्याकडे चला."

मग लांबून हे. वर्षभरानं ऐकला तो आवाज.

"अगं सुमन, ती नको. त्यात आमची फायनल आहे."

"हरलात ना? मग काय करायचीय ठेवून?"

ह्यावर हे काही बोललेले नाहीत. पुढंही कधी बोलले नाहीत. माहीत असून जन्मभर गप्प बसले. कारण काय, मला घाबरायचे.

बारसं संपल्यावर शेवटी अर्धं मिनिट मैदान उरलं होतं. खेळ नाही, समोरच्या टीमला ढाल देताहेत. हे मागं कुठंतरी असतील. मी तीनदा लावायला सांगितलं. दिसले नाहीत.

शोभा रडत होती. मला एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं.

त्या गृहस्थांनी विचारलं, पेनड्राइव्हवर काय नाव घालू? मी म्हटलं, ते राहू द्या, आधी पेन द्या. कॅसेट पुढं ओढली, शोभाच्या नावावर काट मारली आणि वर तितक्याच ठळक अक्षरात लिहिलं,

सुमन.