उगवतीची विहीर

पृथ्वी उलट्या दिशेने फिरू लागली तर साक्री तालुक्यातल्या एका विहिरीचा मालक बदलेल. माझ्या मूळ लेखात हे वाक्य नव्हते. हा शोध नंतर माझ्या सासरच्या मंडळींनी लावला.

लेख मात्र माझा होता. जळगावच्या एका दैनिकात मी उपसंपादक आहे. रविवारच्या पुरवणीतली एक जाहिरात ऐन वेळी रद्द झाली आणि पानात खड्डा पडला. (जाहिरात गेली की तिच्या जागी ज्ञान भरतात.) 'पृथ्वी उलटी फिरली तर?' असा मजकूर लिहून मी तो बुजवला. सूर्य पश्चिमेला उगवेल, वारे उलटे वाहतील, वाळवंटे हिरवी होतील आणि हिरव्या मुलखांची वाळवंटे होतील, असे त्यात होते. 'मात्र असे घडण्याची शक्यता नाही' हे शेवटचे वाक्य जागेअभावी कापले गेले. कापणाराही मीच.

पुढच्याच आठवड्यात आखाजी होती. अक्षय्यतृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात आणि त्या सणाला लेकी माहेरी जातात. जावयांना नेले जाते. माझ्या पत्नीचे, सुनंदाचे, माहेर साक्रीहून पिंपळनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. यंदा तिथे सणाबरोबर वाटणीही होती. सासरे, म्हणजे आबा, आपल्या हयातीतच जमीन दोन्ही मुलांना वाटून देणार होते. आपल्यामागे पोरे कोर्टात भांडतील, त्यापेक्षा आपल्यासमोर भांडलेली बरी, असे त्यांचे मत होते.

आबांचे वावर म्हणजे एक लांबट पट्टा. त्याच्या पूर्वेच्या टोकाला काळी जमीन आणि वैशाखातही पाणी राखणारी विहीर. पश्चिमेच्या टोकाला नुसता मुरूम, पण तो थेट डांबरी रस्त्याला लागलेला. आम्ही पोहोचण्याच्या आदल्या दिवशी आबांनी भाऊबंदांना बसवून शब्द दिला होता. "उगवतीनं वावर नानाले, मावळतीनं वावर बापूले." गावात पूर्व-पश्चिम कोणी म्हणत नाही. सूर्य उगवतो ती उगवती, मावळतो ती मावळती. आजवर कोणाची तक्रार नव्हती.

नाना थोरला. तो शेती करतो. बापू धाकटा, त्याचे साक्रीत मोटार-पाइपांचे दुकान आहे. विहीर नानाकडे गेल्याचे बापूला लागले होते, पण आबांच्या शब्दापुढे तो गप्प होता. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हद्दीचे दगड रोवले की विषय संपणार होता.

"एवढी वाटणी सुखात होऊ दे," सुनंदा एसटीत म्हणाली होती. "नाहीतर पुढच्या आखाजीला मी कोणाच्या दारात उतरू?"

दुपारी पंगत बसली. खापरावरचे मांडे आणि आमरस वाढून झाला. तेवढ्यात बापूने खिशातून घडी केलेला पेपर काढला.

"पाव्हना, हे तुम्हीच लिहिलंय?"

माझे लिखाण सासरी वाचले गेल्याची ही पहिलीच वेळ. मी हो म्हणालो. थोडा हसलोही. पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ त्या हसण्यात आहे.

"म्हणजे पृथ्वी उलटी फिरली तर आपल्या वावरात सूर्य रस्त्याकडून उगवेल?"

"हो."

"आणि विहिरीकडे मावळेल?"

"अर्थात."

"मग विहिरीकडचं वावर मावळतीचं झालं." बापूने पेपर पुन्हा खिशात ठेवला. "आता मावळतीचं वावर कोणाचं, ते आबांनी काल सांगितलंच आहे."

नानाने मांडा ताटात ठेवला. "पृथ्वी फिरनी शे का?"

"फिरली असं मी कुठे म्हणतो? फिरली तर, असं म्हणतो. फिरली तर विहीर माझी, एवढं फक्त कबूल कर."

"काबर कबूल करू?"

"फिरणार नाही ना? मग कबूल करायला तुझं काय जातं?"

"फिरणार नही ना? मंग तुले कबुली कशाले पाहिजे?"

कामानिमित्त मी बऱ्याच विधिज्ञांची भाषणे ऐकली आहेत. (पूर्ण ऐकावी लागली आहेत.) दोन्ही बाजू एकाच वेळी इतक्या बिनतोड असल्याचे मला आठवत नाही.

इथे मी गप्प बसायला हवे होते. पण मजकुरातला संदिग्ध शब्द काढून तिथे नेमका शब्द घालणे हा माझा धंदा आहे. मी सुचवले की 'उगवती-मावळती'ऐवजी 'पूर्व-पश्चिम' म्हणावे, म्हणजे प्रश्नच उरणार नाही.

"पूर्व म्हणजे कोणती?" बापूने विचारले.

"जिकडे सूर्य..." एवढे बोलून मी आमरस प्यायलो.

"देखा, पाव्हनानं कबूल करं," बापू म्हणाला. समोरचा पेचात सापडला की तो घरच्या अहिराणी बोलीत येतो.

"मी उगवती बोलनू," आबा म्हणाले. "पूर्व नही बोलनू. शब्द म्हंजे शब्द."

जेवण उरकले. नाना अंगणातल्या निंबाखाली खाटेवर आडवा झाला, पण डोळे उघडेच होते. चहाच्या वेळी तो उठून बसला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता. मला तो शांतपणा आवडला नाही.

"बापू, कबूल. पृथ्वी फिरनी तं विहीर तुन्ही."

बापूने चहाचा कप खाली ठेवला. "खरंच?"

"आनि रस्ता मन्हा."

"रस्ता कसा तुझा?"

"उगवतीनं वावर मन्हं. उगवती रस्ताकडे गई का नही? जवाईना पेपरमा छापेल शे."

बापूला रस्त्याच्या कडेला नवे दुकान काढायचे होते. "पृथ्वी काही फिरत नसते, नाना."

"मंग कबूल कराले तुन्हं काय जास?"

दुपारी पृथ्वी फिरवायला निघालेला बापू आता तिला दोन्ही हातांनी धरून बसला आणि नाना तिला ढकलू लागला. दोघांचे आवाज चढले. मग दोघेही एकदम माझ्याकडे वळले, कारण भावांना भांडताना एक तिसरा लागतो.

"पाव्हना, हे खरंच होऊ शकतं का?" बापूने विचारले.

"नाही."

"मग लिहिलं कशाला?"

"जागा होती."

"आणि होऊ शकत नाही, एवढं तरी लिहायचं."

"लिहिलं होतं. कापलं."

"कोणी?"

"संपादकीय विभागाने," मी म्हणालो. (हे खोटे नव्हते.)

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. भाऊबंद एकेक करून येऊ लागले आणि खाटेवर टेकून आपापली अडचण मांडू लागले. एकाने विचारले, पृथ्वी फिरली तर शेजाऱ्याच्या चिंचेची सावली दुपारनंतर आपल्या ओट्यावर येईल का? येईल, मी म्हणालो. तो समाधानाने गेला. थोड्या वेळाने तो शेजारी आला. त्याने मला सावलीची दिशा बदलायला सांगितली. मी म्हणालो, ते माझ्या हातात नाही. "लिखताना व्हतं ना हातमा?" असे म्हणून तोही गेला.

स्वयंपाकघरात सुनंदा दोन्ही भावजयांच्या मध्ये बसली होती. दोघी तिच्याशी बोलत होत्या, एकमेकींशी नाही. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा ती उठून दाराशी आली.

"अहो, तुम्हाला पान भरायला दुसरं काही मिळालं नाही? सोन्याचा भाव? हवामान?"

"हवामान आहे त्यात. वाऱ्याबद्दल लिहिलंय."

"दोघंही म्हणतात, उद्या दगड रोवू देणार नाही. आबा म्हणतात, मग मी जेवणार नाही." ती रडत नव्हती. बातमी सांगावी तसे सांगत होती. मला तेच अवघड गेले. "मी वर्षातून एकदा येते इथे. एकदाच."

मी तांब्या भरून परत अंगणात गेलो.

सकाळी सगळे वावरात जमले. दगड बैलगाडीतून आणून टाकलेले होते. नाना विहिरीच्या कठड्यावर बसला होता, बापू रस्त्याच्या कडेला उभा होता, आणि मध्ये आबा काठी टेकून होते. त्यांनी चहाही घेतलेला नव्हता.

"दोन्ही जन आठे या," ते म्हणाले.

दोघे आले. आबा विहिरीपाशी गेले आणि तिथून रस्त्याच्या दिशेने काठीने माती ओढत चालू लागले. पट्टा आडवा तोडायचा ठरला होता. आबा तो उभा चिरत होते. रेघ विहिरीच्या मध्यातून निघाली, काळ्या मातीतून मुरमात गेली आणि डांबराला जाऊन भिडली. म्हाताऱ्या माणसाला त्या चालण्याला बराच वेळ लागला. कोणी मदतीला गेले नाही, कारण ते चिडले असते.

"उत्तरनं नानाले, दखननं बापूले. विहीर दोन्हीसनी. रस्ता दोन्हीसना."

भाऊबंदांतला एक जण खाकरला. "आबा, पन परवा तुम्ही शब्द देल व्हता."

"देल व्हता," आबा म्हणाले. "तवय पृथ्वीनं काय चालनं शे ते माले मालूम नव्हतं."

बापूने तोंड उघडले, हिशोब मनात दोनदा करून पाहिला आणि मिटले. अर्धी विहीर मिळत होती, दुकान वाचत होते. नानालाही अर्ध्या विहिरीच्या बदल्यात अर्धा रस्ता आला होता. तो पहिल्या दगडाकडे गेला. दगड एकट्याला उचलण्यासारखा नव्हता.

"देखस काय? धर," तो म्हणाला.

बापूने धरला. बांधावर सुनंदाने पदराने कपाळ पुसले.

तेवढ्यात आबांना शंका आली. त्यांनी काठी माझ्याकडे वळवली.

"पाव्हना, पृथ्वी फिरनी तरी उत्तर जागावरच राही ना?"

दगड हातात धरून दोघे भाऊ थांबले. मी विचार केला. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला उत्तर, असे शाळेत शिकवतात. मी मनातल्या मनात सूर्य रस्त्याकडून उगवू दिला, त्याच्याकडे तोंड केले आणि डावा हात पसरला. हात सरळ बापूच्या वावरावर गेला.

"राहील, आबा," मी म्हणालो.

दगड रोवला गेला. इतकी वर्षे मी एकेक शब्द तपासून छापत आलो आहे. सासरी मात्र माझे एकच विधान आजवर विश्वासार्ह ठरले आहे, आणि ते हे.